‘ओरडली का नाही?’ हा प्रश्न कायद्याने केव्हाच सोडला

पुण्याच्या स्वारगेट एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार २५ फेब्रुवारी २०२५ ला नोंदली गेली. दोनच दिवसांत गृह राज्यमंत्री योगेश कदम यांचं वक्तव्य आलं. आजूबाजूला दहा-पंधरा माणसं होती, पण झटापट किंवा प्रतिकार असं काही झालं नाही म्हणून कुणाच्या काही लक्षात आलं नाही, असा त्याचा सूर होता. टीका झाल्यावर, आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला असं त्यांनी सांगितलं. आरोपीला कोर्टात हजर केलं तेव्हा बचाव पक्षाच्या वकिलांनी दावा केला, की जे झालं ते संमतीने झालं. या खटल्यात खरं काय ते कोर्ट ठरवेल. मला बोलायचंय ते त्या आठवड्यात आपल्या फोनवर जे चाललं होतं त्याबद्दल.

ताथवड्यात राहणाऱ्यांना स्वारगेट काही लांबचं नाही. इथल्या हॉस्टेल आणि पीजीमधली सातारा, फलटण, सांगलीकडची कितीतरी पोरं-पोरी सुट्टी लागली की हाच स्टँड गाठतात. त्यामुळे बातमी आली आणि आमचे ग्रुप पेटले. ‘फाशी द्या’ होतंच. पण चौथ्या-पाचव्या मेसेजपासून दुसराच सूर लागला. ‘ओरडली का नाही?’ ‘बसमध्ये गेलीच कशाला?’ ‘एवढा वेळ गप्प कशी बसली?’ विचारणारे कुणी वाईट लोक नव्हते. माझ्यासोबत चहा पिणारी, सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल शेअर करणारी मुलं होती. मुलीही होत्या.

या सगळ्या प्रश्नांच्या तळाशी एकच गृहीतक आहे. संमती नसेल तर बाई लढते. लढली नाही, म्हणजे संमती होती. कधी काळी आपल्या कोर्टांचंही जवळपास हेच मत होतं. ते बदलायला एका मुलीचा बळी गेला आणि मग चाळीस वर्षं लागली. ती गोष्ट महाराष्ट्रातलीच आहे.

देसाईगंज, १९७२

देसाईगंज म्हणजे वडसा. आज गडचिरोली जिल्ह्यात, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात. २६ मार्च १९७२ च्या रात्री मजुरी करणारी एक अनाथ आदिवासी मुलगी तिथल्या पोलीस ठाण्यात आली. डॉक्टरांच्या अंदाजाने तिचं वय १४ ते १६ च्या दरम्यान. एका मुलाशी तिचं जमलं होतं, म्हणून भावाने तक्रार दिली होती, आणि जबाबासाठी सगळ्यांना बोलावलं होतं. जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर काढलं आणि तिला आत थांबवून घेतलं. दार आतून लागलं, दिवे बंद झाले. बाहेर माणसं वाट बघत उभी होती. बाहेर आल्यावर तिने सांगितलं, की एका पोलिसाने तिच्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्याने, दारूच्या नशेत, अंगचटीला जाऊन प्रयत्न केला.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. ती आधीपासून ‘शरीरसंबंधांना सरावलेली’ आहे, असं निकालात आलं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि दोघांना शिक्षा दिली. उच्च न्यायालयाचं म्हणणं असं, की भीतीने शरीर हतबलपणे दुसऱ्याच्या हवाली करणं म्हणजे इच्छा किंवा संमती नव्हे. मग १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना निर्दोष ठरवलं. कारणं काय? अंगावर जखमांच्या खुणा नाहीत. आत नेताना तिने बाहेरच्या नातेवाइकांना हाक मारली नाही. म्हणजे तिने जोरदार प्रतिकार केल्याची गोष्ट खोटी, आणि जे झालं ते ‘शांततेत’ झालं.

पोलीस ठाण्यात, रात्री, दार बंद, समोर दोन पोलीस. आणि कोर्ट विचारतंय, जखम कुठेय?

कायद्याच्या पुस्तकांत या खटल्याचं नाव ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असं आहे. लोकांच्या तोंडी मात्र तो त्या मुलीच्याच नावाने राहिला. मी ते नाव इथे लिहीत नाहीये. आज बलात्कारपीडितेची ओळख छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि पीडितेची ओळख जपण्याची ही तरतूद पहिल्यांदा आली तीच मुळी या खटल्यानंतर झालेल्या बदलांत.

चार जणांचं पत्र

निकालानंतर जवळपास वर्षभर काहीच झालं नाही. मग सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. त्यांचा मुद्दा सरळ होता. संमती देणं वेगळं आणि शरण जाणं वेगळं. दोन पोलिसांच्या तावडीत सापडलेल्या चौदा-सोळा वर्षांच्या मुलीने आरडाओरडा करून स्वतःला सोडवावं, अशी अपेक्षा न्यायालय करतंच कसं?

त्या पत्राने देशात ठिणगी पडली. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभी राहिली, महिला दिनाला शहराशहरांत मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस ठाणं, तुरुंग, हॉस्पिटल अशा ठिकाणी ताब्यातल्या बाईवर झालेला बलात्कार हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि ‘माझी संमती नव्हती’ असं बाईने कोर्टात सांगितलं, तर संमती नव्हती असंच कोर्ट गृहीत धरेल, अशी तरतूद पुरावा कायद्यात आली.

जिच्यामुळे हे झालं तिला मात्र यातलं काहीच मिळालं नाही. दोन्ही पोलीस निर्दोष ते निर्दोषच राहिले.

आणि ताब्याबाहेरच्या बायकांचं काय? घरात, शेतात, ऑफिसात, रूमवर? तिथे ‘संमती’ म्हणजे नक्की काय हे कायद्याने अजूनही सांगितलेलं नव्हतं. उलट तक्रार करणारी बाई ‘अनैतिक चारित्र्याची’ आहे, हे दाखवून तिची साक्ष पाडण्याची सोय पुरावा कायद्यात होती. ती काढून टाकली २००२ च्या दुरुस्तीने. म्हणजे आपल्यातले बरेच जण जन्मले, त्याच्या आसपास!

कायद्यातली ओळ, आपल्या भाषेत

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समिती बसली आणि २०१३ मध्ये कायदा पुन्हा बदलला. तेव्हा पहिल्यांदा संमतीची व्याख्या कायद्यात लिहिली गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तीत ही व्याख्या कलम ६३ मध्ये आहे. कायद्याची भाषा जड असते, म्हणून आपल्या शब्दांत सांगते.

संमती म्हणजे निःसंदिग्ध आणि स्वेच्छेने दिलेला होकार. तो शब्दांनी, हावभावांनी किंवा आणखी कुठल्याही प्रकारे व्यक्त झालेला असला पाहिजे. आणि तो त्या विशिष्ट लैंगिक कृतीसाठी असला पाहिजे. पुढे कायदा म्हणतो, बाईने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणावरून तिची संमती होती असं मानता येणार नाही.

ही शेवटची ओळ देसाईगंजच्या निकालाला दिलेलं उत्तर आहे. ते यायला पस्तीस वर्षं लागली, पण आलं.

आता एकेक शब्द घ्या.

‘निःसंदिग्ध’ म्हणजे ‘बहुतेक हो असावं’ चालणार नाही. ‘स्वेच्छेने’ म्हणजे ‘फोटो व्हायरल करीन’ म्हणून मिळवलेला होकार हा होकार नव्हे. न्याय संहितेचं कलम २८ सांगतं, की इजेच्या भीतीने दिलेली संमती ही संमती नाही, आणि कायद्यात ‘इजा’ या शब्दात प्रतिष्ठेचं नुकसानही येतं. ‘विशिष्ट कृतीसाठी’ म्हणजे किस करायला हो म्हटलं याचा अर्थ पुढच्या सगळ्याला हो असा होत नाही. रूमवर आली, सोबत लोणावळ्याला आली, रात्री दोनपर्यंत चॅट करत होती, गेल्या महिन्यात हो म्हणाली होती. यातलं काहीही आजच्या, आत्ताच्या गोष्टीसाठीचा होकार नाही.

त्याच कलमात आणखी काही परिस्थिती दिल्या आहेत. नशेमुळे आपण कशाला हो म्हणतोय आणि त्याचा परिणाम काय, हे कळण्याच्या स्थितीत ती नसेल, तर तिचा ‘हो’ धरला जात नाही. झोपेत असेल, शुद्धीवर नसेल, संमती व्यक्तच करू शकत नसेल, तर प्रश्नच मिटला. आणि कलम ६८ सांगतं, की अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या पदाचा गैरफायदा घेऊन कुणी संबंधांना तयार करायला लावलं, तर ते बलात्काराच्या व्याख्येत बसत नसलं तरी गुन्हाच आहे. इंटर्नल मार्क, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट किंवा चाकणच्या शेडमधला रोज ज्यांच्या हातात असतो, त्यांनी हे कलम दोनदा वाचावं.

फर्स्ट इयरच्या पोरांसाठी एक वेगळी ओळ. १८ वर्षं पूर्ण नसतील तर मुलीची संमती कायद्याच्या हिशेबात शून्य. सतरा वर्षं अकरा महिने असली तरी. अठराच्या आतल्या मुलगा-मुलगी दोघांनाही पोक्सो कायदा लागू होतो. दोघांचं एकमेकांवर प्रेम असताना हे योग्य का, यावर कोर्टांत आणि बाहेर वाद चालू आहे, तो व्हायलाही हवा. पण आज कायदा हाच आहे, हे माहीत असू द्या.

‘नो मीन्स नो’च्या पुढे

‘पिंक’ आला २०१६ मध्ये. त्यानंतर ‘नो मीन्स नो’ टी-शर्टवर आलं, स्ट्रीट प्लेमध्ये आलं, आपल्या सगळ्यांना पाठ झालं. चांगलंच झालं. पण गंमत बघा, त्याच्या तीन वर्षं आधीच कायदा त्या वाक्याच्या पुढे गेला होता. ‘नाही म्हणजे नाही’ यात ‘नाही’ म्हणायची जबाबदारी मुलीवरच राहते. ती म्हणाली नाही, तर? कायद्याची व्याख्या उलटीकडून सुरू होते. ‘नाही’ होतं का हे ती आधी विचारत नाही. ‘हो’ होतं का, ते विचारते.

हा फरक मला या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे गप्प बसणं हे होकारात मोजायची जुनी सवय आहे. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे आजोबांपासून सगळ्यांना तोंडपाठ. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगी मान खाली घालून बसली, की ‘लाजली, म्हणजे पसंत आहे’. तिला उठून जावंसं वाटत असेल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

दुसरीकडे आपल्याच भाषेला खरं काय होतं ते पक्कं माहीत आहे. भीतीने माणसाचे हातपाय गळतात, वाचा बसते, दातखीळ बसते. हे शब्द काही कुठल्या मानसशास्त्राच्या पुस्तकातून आलेले नाहीत. अचानक संकट आलं की शरीर लढतं, पळतं किंवा जागच्या जागी थिजतं, आणि यातलं काय होणार हे त्या क्षणी माणूस ठरवत नसतो. साप समोर आला आणि तुम्ही गोठून उभे राहिलात, तर ‘सापाला तुमची संमती होती’ असं कुणी म्हणत नाही. मग मुलीच्या बाबतीतच हे शब्द आपण का विसरतो?

कायदा बदलला म्हणून कोर्टाची खोलीही लगेच बदलली असं नाही. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका खटल्यात आरोपीला सोडताना क्षीण ‘नाही’चा अर्थ कधी ‘हो’ही असू शकतो, अशा आशयाचं मत मांडलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. कौमार्य तपासणारी अवैज्ञानिक ‘टू फिंगर टेस्ट’ही तशीच चालू राहिली. २०१३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तिला चूक ठरवलं होतं, तरी ती करणाऱ्यांवर गैरवर्तनाची कारवाई होईल, असं न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा सांगावं लागलं. कागदावरची ओळ माणसांच्या डोक्यात उतरायला वेळ लागतो. तो वेळ कमी करणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

‘मग काय, फॉर्म भरून घ्यायचा?’

हा विषय काढला की मित्रांचा पहिला प्रश्न हाच. दुसरा, ‘खोट्या केसेसचं काय?’ दोन्ही प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

फॉर्मची गरज नाही, कारण कायद्यानेच हावभाव आणि शब्दांवाचूनचे संकेत मान्य केलेत. समोरची व्यक्ती सोबत आहे की नुसती पडून आहे, हे जवळच्या माणसाला कळतं. कळत नसेल तर विचारायला चार शब्द लागतात. ‘तुला हवंय ना हे?’ यात मूड जातो म्हणणाऱ्याने एवढंच सांगावं, की विचारल्याने जाणारा मूड नक्की कशावर उभा होता?

खोट्या तक्रारींबद्दल. बहुतेक खटल्यांत संमती नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी आजही सरकारी पक्षावरच असते. कोर्टाने संमती नव्हती असं गृहीत धरायचं, ते कायद्यात नेमून दिलेल्या प्रकारांतच. पोलीस, सरकारी नोकर, हॉस्पिटलचा स्टाफ किंवा बाईवर ज्याचा अधिकार चालतो अशा माणसाने केलेला बलात्कार असे ते प्रकार आहेत. लग्नाच्या वचनाचंही तसंच. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की वचन पुढे मोडणं वेगळं आणि पाळायचंच नाही हे ठरवून पहिल्यापासून खोटं वचन देणं वेगळं. न्याय संहितेच्या कलम ६९ ने अशा फसवणुकीचा आता स्वतंत्र गुन्हा केलाय, त्यातही हेतू सिद्ध करावाच लागतो. ब्रेकअप म्हणजे बलात्कार, असं कुठलाच कायदा म्हणत नाही. आणि ज्या मुलाला स्वतःला सुरक्षित ठेवायचंय, त्याला ही व्याख्या मदतच करते. स्पष्ट ‘हो’ची वाट बघा, नसेल तर थांबा. याहून सोपा नियम कुठला?

जिथे कायदा अजून थांबलाय

मी या कायद्याची आरती ओवाळत नाहीये. त्याच कलम ६३ मध्ये एक अपवाद आहे. बायको १८ वर्षांच्या वरची असेल तर नवऱ्याने तिच्या संमतीशिवाय ठेवलेला संबंध बलात्कार ठरत नाही. म्हणजे जी व्याख्या अनोळखी माणसाला, बॉयफ्रेंडला आणि बॉसला लागू, ती सप्तपदीनंतर संपते. वर्मा समितीने हा अपवाद काढायला सांगितलं होतं, सरकारने ऐकलं नाही. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी एकमेकांविरुद्ध निकाल दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने तिथे प्रतिज्ञापत्र देऊन अपवाद काढायला विरोध केला.

हा युक्तिवाद पुण्याला नवा नाही. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला तेव्हा वय दहावरून फक्त बारा करायचं होतं, लग्न झालेल्या मुलींसाठीसुद्धा. त्यावरून या शहरात केवढं रण माजलं! परक्या सरकारने आमच्या घरात लक्ष घालू नये, असं म्हणत खुद्द टिळक विरोधात उभे राहिले. आज कुणी दहा-बारा वर्षांचं वय बरोबर होतं असं म्हणेल? घराचा उंबरठा पुढे करून त्या वेळी जे झाकलं गेलं, तेच आपण बायकोच्या बाबतीत अजून झाकतोय.

दुसरी उणीव तितकीच मोठी. कलम ६३ मध्ये पीडित फक्त बाई आणि आरोपी फक्त पुरुष. जुन्या दंड संहितेतलं कलम ३७७ नव्या संहितेत आलंच नाही, आणि त्या जागी दुसरंही काही आलं नाही. त्यामुळे हॉस्टेलच्या रूममध्ये एखाद्या सज्ञान मुलावर किंवा ट्रान्स व्यक्तीवर जबरदस्ती झाली, तर तिला तिच्या खऱ्या नावाने ओळखणारं कलमच उरलेलं नाही. मुलगा असेल तर ‘ओरडला का नाही?’च्या पुढे ‘मर्द आहेस ना?’ हेही येतं. संमतीची व्याख्या चांगली असेल तर ती सगळ्यांच्या शरीराला लागू व्हायला हवी.

आता आपलं काय?

काही गोष्टी फोनमध्ये सेव्ह करून ठेवण्यासारख्या आहेत. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१. घटना कुठेही झालेली असो, तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. सरकारी असो की खासगी, हॉस्पिटलला पीडितेवर मोफत उपचार करावेच लागतात. कॉलेजमधल्या लैंगिक छळासाठी यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार अंतर्गत समिती असते. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधीही असतात आणि तिच्याकडे साधारण तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते. तुमच्या कॉलेजच्या समितीत कोण आहे, हे आज नोटीस बोर्डवर जाऊन बघा. यादी सापडली नाही तर ऑफिसात जाऊन मागा.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट येते. तक्रार करायची की नाही, हे मुलगी कोर्ट बघून ठरवत नाही. आधी ती मैत्रिणीला सांगून बघते, रूममेटला सांगते, ग्रुपवर दुसऱ्या कुणाच्या बातमीवर आपण काय लिहितो ते वाचते. आपला एक मेसेज वाचून ती तोंड उघडायचं की मिटायचं ते ठरवते. तिथे आपणच देसाईगंजचं कोर्ट असतो.

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी आली आणि कुणी लिहिलं ‘ओरडली का नाही?’, तर वाद घालत बसू नका. खाली एवढंच लिहा: ‘ती हो म्हणाली होती का?’ २०१३ पासून कायदा हाच प्रश्न विचारतोय.